चष्मेवाल्यांचे जादा ठोके

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत चष्मेवाल्यांनी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे त्यांच्या दुकानाचं शटर. तेही अर्ध्यावर गेलं की पुढे आपोआप जायचं, त्यामुळे त्याचं पूर्ण श्रेय त्यांना देता येत नाही. बाकी दिवसभर हातात असायचे ते फ्रेमचे बारीक स्क्रू, काचा, मऊ फडकं आणि अर्ध्या बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर. माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी साडेनऊला दुकान, दुपारी डबा, संध्याकाळी आठला घर. गल्लीत डावीकडे कुलपांचं दुकान, उजवीकडे छत्र्या दुरुस्त करणारा, मधोमध हे. खरं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगायची घाई केली नाही. पोस्टमनसुद्धा "चष्मेवाले, पत्र" असंच म्हणायचा.

मग एका सकाळी त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली.

आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली शेवटची अकरा हेडनर्स. हाड कुठे मोडलेलं नाही हे तिनं पडल्या पडल्याच स्वतःला चाचपून ठरवलं होतं. प्रश्न फक्त उठायचा होता. चष्मेवाल्यांनी काखेत हात घातले, जोर लावला, आणि आई आहे तिथेच राहिली. दुसऱ्यांदा जोर लावला तर तेच घसरून तिच्याशेजारी बसले. बायको शाळेत गेली होती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना हाक मारावी लागली, आणि ते येईपर्यंत ओल्या फरशीवर आई मुलाला धडे देत होती: गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव, पेशंटला अंगाशी धर. "चाळीस किलोच्या पोरींनी नव्वद किलोचे पेशंट उचललेत माझ्या वॉर्डात," ती म्हणाली. "तू काय रे, चष्म्यांनी हात गेले तुझे."

आईला काही झालं नाही. चष्मेवाल्यांना मात्र ते लागलं. आठवडा उलटायच्या आत त्यांनी टायरच्या दुकानामागच्या जुन्या गोदामातली जिम गाठली.

ही जिम म्हणजे लोखंड आणि चार भिंती. संगीत नाही, आरसे नाहीत. चालवणारी बाई पंचेचाळिशीची, एके काळी वजनं उचलण्याच्या स्पर्धा गाजवलेली. सगळे तिला कोच म्हणत. आरसे का नाहीत असं नव्या माणसानं विचारलं की ती सांगे, स्वतःला बघायचं असेल तर घरी बघून या, इथे बारकडे बघायचं. तिनं चष्मेवाल्यांच्या हातात पहिल्या दिवशी नुसता रिकामा बार दिला, वजनाच्या प्लेटा न चढवलेला लोखंडी दांडा. वीस किलोचा. तो उचलून ते घरी आले आणि दोन दिवस त्यांना बूट घालताना बायकोची मदत घ्यावी लागली.

पण माणूस चिकट निघाला. आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाचला. वीसचे चाळीस झाले, चाळिसाचे साठ. जमिनीवरचं वजन दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं, एवढाच तो प्रकार. त्याला डेडलिफ्ट म्हणतात. ऐकायला सोपा, करताना पूर्वज आठवतात. वर्षभरात शर्टांच्या कॉलरची बटणं लागेनात. बायको आधी हसली, मग एक नंबर मोठे शर्ट घेऊन आली, मग आणखी एक नंबर मोठे. दरम्यान आईच्या गुडघ्यांनी पुरता राजीनामा दिला होता. आता रोज सकाळी जिमवरून आले की चष्मेवाले तिला पलंगावरून अलगद उचलत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवत. आई दोन्ही हात त्यांच्या मानेभोवती टाकी आणि दर वेळी काहीतरी चूक काढी. पण शेजारणीला सांगताना तिचा आवाज वेगळा असे, हे त्यांनी दाराआडून ऐकलं होतं.

असे ते त्रेपन्न वर्षांचे झाले, आणि तिथून हा प्रकार सुरू झाला.

पन्नाशीच्या वरच्यांसाठी एक छोटी स्पर्धा होणार होती. आसपासच्या पाच-सहा जिमची मंडळी येणार होती. बक्षीस म्हणजे एक प्रमाणपत्र आणि टॉवेल. चष्मेवाल्यांनी मनात दीडशे किलोचा आकडा धरला. जिममधला त्यांचा जोडीदार बेकरीवाला, वय पंचावन्न, यानंही तोच धरला. बेकरीवाला रात्री दोनला उठून भट्टी पेटवायचा, त्यामुळे साडेपाचपर्यंत त्याचा अर्धा दिवस संपलेला असे आणि भुवयांवर पीठ असे. त्यानंच तो डबा आणला. व्यायामाच्या आधी पाण्यात ढवळून प्यायची निळी पावडर. चव खोडरबरासारखी. एक चमचा घेतला की अंगात वारं शिरतं, तो म्हणाला. चष्मेवाल्यांनी पहिला आठवडा एक चमचा घेतला, मग दोन. धंद्याची सवय, दिसत नसेल तर नंबर वाढवायचा.

त्या गुरुवारी बारवर एकशे चाळीस किलो होते. चष्मेवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला, तो आत कोंडला आणि वजन उचललं. गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले, कोचनं मान हलवली. वजन खाली ठेवून ते उभे राहतात तोच छातीत कुणीतरी आतून दार ढकलावं तसा एक धक्का बसला. मग काहीच नाही. ती पोकळी सेकंदभराचीच असेल, पण तेवढ्यात त्यांना बायकोचा चेहरा, दुकानाच्या किल्ल्या आणि पॉलिसीचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते सगळं आठवून गेलं. मग दाणकन एक मोठा ठोका, आणि पाठोपाठ खोक्यात अडकलेल्या चिमणीसारखी फडफड. नजरेच्या कडा काळ्या झाल्या. ते खाली बसले.

काळजाचा ठोका चुकणे हा वाक्प्रचार त्यांनी शाळेत वाक्यात वापरून दोन गुण मिळवले होते. तो इतका शब्दशः खरा असू शकतो याची त्यांना कल्पना नव्हती.

काय झालं, कोचनं लांबून विचारलं. बुटाची नाडी सुटली, चष्मेवाले म्हणाले, आणि खाली वाकून बुटाशी खटपट करत राहिले. मिनिटाभरात सगळं थांबलं. बेकरीवाल्यानं पाठीवर थाप मारली. त्या दिवशी दुकानात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारल्या.

पुढच्या आठवड्यात तसंच तीनदा झालं. गंमत अशी की कोचनं त्यांना का कोण जाणे एकशे वीसच्या वर जाऊच दिलं नाही. आज फक्त पाठ सरळ ठेवायचा सराव, आज फक्त पकड, असं काही ना काही काढायची. चष्मेवाले वरवर कुरकुरले, आतून सुटकेचा श्वास टाकला. पण फडफड एकशे विसालाही यायची. मग ती जिमच्या बाहेरही यायला लागली. जिना चढताना नाही, तर चढून झाल्यावर. जेवून निवांत बसल्यावर. त्यांनी फोनवर शोधून पाहिलं. पहिल्या पानावर चहा-कॉफी कमी करा असा सल्ला होता, दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत मृत्युपत्र करायची वेळ आली होती. त्यांनी फोन पालथा ठेवला.

एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितलेली नव्हती. त्यांचे वडील चौपन्न वर्षांचे असताना गेले होते, सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता. चष्मेवाल्यांना चौपन्न पूर्ण व्हायला चार महिने होते. हा हिशेब त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपासून मागच्या बाकावर बसून होता, आता पुढे येऊन हात वर करत होता.

शनिवारी दुकानात एक वकीलबाई डोळे तपासायला आल्या. चष्मेवाल्यांनी त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, जाड फ्रेम नाकावर चढवली, तक्त्यावरचा दिवा लावला आणि चौथी ओळ वाचायला सांगितली. बाईंनी घडाघडा वाचली. नेमकी तेव्हाच छातीतली चिमणी जागी झाली. चष्मेवाले एका हातानं टेबल धरून उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा वाचा. बाईंनी पुन्हा वाचली. पुन्हा, ते म्हणाले. चौथ्यांदा वाचून झाल्यावर बाईंनी फ्रेम काढून हातात घेतली.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "इतकं वाईट आहे का?"

डोळे उत्तम आहेत, फक्त जवळचं थोडं वाढलंय, असं सांगून चष्मेवाल्यांनी वेळ मारून नेली. बाईंचा मात्र विश्वास बसलेला दिसला नाही. जाताना त्या दारातून दोनदा मागे वळून पाहत गेल्या.

ही गोष्ट फुटली ती सोमवारी सकाळी, आणि फोडली आईनं.

चष्मेवाले जिमवरून आले, हात धुतले आणि नेहमीप्रमाणे तिला उचलायला वाकले. तिनं मानेभोवती हात टाकले. ते उभे राहिले, दोन पावलं चालले, आणि आईचा उजवा हात त्यांच्या मानेवर थोडा सरकून थांबला. दोन बोटं कानाखालच्या शिरेवर अशी टेकली की वर्षानुवर्षांची सवय कळावी.

"मला खाली ठेव," ती म्हणाली. "आणि तू बस."

तिनं त्यांचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि पूर्ण एक मिनिट काही बोलली नाही. चष्मेवाल्यांनी सांगून पाहिलं की आत्ताच जिना चढून आलोय, म्हणून. तू लिफ्टनं आलास, आई म्हणाली, दाराचा आवाज मी ऐकलाय. मग तिनं मनगट सोडलं नाही, पण घड्याळाकडे बघणं सोडलं.

"किती दिवस चाललंय?"

"कसलं?"

"आत्ता मी तुझी आई नाहीये. ड्यूटीवरची नर्स आहे. किती दिवस?"

चष्मेवाल्यांनी सांगितलं. गुरुवार, पावडर, फडफड, वकीलबाई, सगळं. आईनं मध्ये कुठेही तोंड घातलं नाही, हेच त्यांना जास्त भीतीदायक वाटलं. संपल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या बाबांना आठ दिवस छातीत दुखत होतं. मला सांगितलं नाही. मी नर्स, एका छताखाली, एका ताटाला ताट लावून जेवत होतो आम्ही. दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांच्या कचेरीतल्या माणसानं मला सांगितलं, की ते आठ दिवस हात चोळत होते म्हणून."

हे चष्मेवाल्यांनी त्रेपन्न वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.   आज संध्याकाळपर्यंत बायकोला तू सांग, नाहीतर रात्रीच्या जेवणाला मी सांगते, आणि माझ्या पद्धतीनं सांगते, एवढं म्हणून तिनं वर्तमानपत्र मागितलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. चष्मेवाले समोर जाऊन बसले, पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं लाल पेनाला टोपण लावलं.

"कधीपासून?"

"अडीच आठवडे."

"आठवड्यातून किती वेळा?"

"आधी तीनदा. आता रोज."

"एका वेळी किती सेकंद?"

चष्मेवाले फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखे उत्तरं देत गेले. तिनं प्रत्येक उत्तर समोरच्या कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, आईंना माहीत आहे का. सकाळपासून, ते म्हणाले. बायकोनं तो कागद घडी करून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. ठोक्यांचं तिला जेवढं लागलं त्याहून जास्त, आपण सासूच्या मागून दुसऱ्या नंबरावर आलो याचं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं शाळेत रजा कळवली होती आणि हृदयाच्या डॉक्टरांची साडेदहाची वेळ घेतली होती.

डॉक्टर पस्तिशीचे असतील. शांत माणूस. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, नाडी पाहिली, रक्तदाब दोनदा मोजला, दुसऱ्यांदा मोजताना भुवई वर गेली, आणि मग छातीवर थंडगार जेल लावून पडद्यावर हृदय दाखवलं. चष्मेवाल्यांनी स्वतःचं हृदय असं समोरासमोर पहिल्यांदाच पाहिलं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, त्यांच्या कसल्याच परवानगीची वाट न बघता. त्यांना उगीचच त्याची दया आली. इतक्या वर्षांत आपण एकदाही त्याची चौकशी केली नाही, असं वाटलं.

डॉक्टर मशीनकडे वाकले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा. तिसऱ्यांदा घसरल्यावर चष्मेवाल्यांना राहवलं नाही. उघड्या छातीनं, अंगावर जेल असताना, त्यांनी पलंगावरूनच सांगितलं की डाव्या काडीचा स्क्रू ढिला आहे आणि नाकावरची गादी वाकली आहे. पँटच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला. दोन मिनिटांत काम झालं. बायकोनं कपाळाला हात लावला, पण डॉक्टर खरोखर खूश झाले. ते म्हणाले, सहा महिने झाले, जायला वेळच मिळत नव्हता. तुमच्यासारखाच मी पण दुखणं अंगावर काढतो, हे त्यांनी हळूच जोडलं.

मग चोवीस तासांसाठी छातीला पाच तारा आणि कमरेला एक डबी बांधून चष्मेवाल्यांना घरी पाठवलं. ती डबी प्रत्येक ठोका टिपून ठेवणार होती. सोबत एक वही: दिवसभरात काय केलं, काय वाटलं, वेळेसकट लिहायचं. चष्मेवाल्यांनी इमानेइतबारे लिहिलं. एक दहा, आईला उचललं. एक बारा, आई म्हणाली डबी टोचते. दोन वीस, गिऱ्हाईकानं बारा फ्रेम बघितल्या, एकही घेतली नाही, फडफड. तीन पाच, कुलूपवाला विचारायला आला हे काय बांधलंय, रेडिओ आहे असं सांगितलं. चार चाळीस, काहीच नाही, तरी फडफड. संध्याकाळी बायकोनं ती वही वाचली आणि दोन ठिकाणी समासात लाल पेनानं लिहिलं, "तपशील अपुरा."

गुरुवारी निकाल लागला. त्याआधी डॉक्टरांनी त्यांना चालत्या पट्ट्यावरही पळवलं होतं. बायको शेजारी वही उघडून बसली होती. डॉक्टरांनी आकडा सांगितला: चोवीस तासांत एक लाखाच्या आसपास ठोके, त्यातले अठराशे चाळीस जादा.

जादा म्हणजे चुकलेले, चष्मेवाल्यांनी विचारलं. नाही, डॉक्टर म्हणाले. ठोका चुकतच नाही. एखादा ठोका घाईनं वेळेआधीच येऊन जातो, तो बारीक असतो म्हणून जाणवत नाही. मग हृदय जरा थांबतं आणि पुढचा ठोका जोरात देतं. ते थांबणं तुम्हाला कळतं, आणि तुम्ही घाबरता. पट्ट्यावर पळताना ते जादा ठोके पार नाहीसे झाले होते, हे चांगलं लक्षण. हृदयाचे स्नायू चांगले, झडपा चांगल्या. बायकोनं भागाकार केला. दोन टक्क्यांपेक्षा कमी, ती म्हणाली. अगदी बरोबर, डॉक्टर म्हणाले. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"पण," डॉक्टर म्हणाले, आणि तो जीव भांड्याच्या काठावर येऊन बसला. "तुम्ही ज्याला घाबरून आलात ते निरुपद्रवी निघालं. ज्याची तुम्हाला कल्पनाच नव्हती त्याचा बंदोबस्त करायचाय. तुमचा रक्तदाब एकशे चौसष्ट आहे. बहुतेक कित्येक वर्षांपासून आहे. आणि तो घेऊन तुम्ही श्वास कोंडून एकशे चाळीस किलो उचलताय, वर रोज दोन चमचे ती पावडर. त्या डब्यावर लिहिलंय ते वाचलंत कधी? एका चमच्यात तीन कप कॉफी आहे."

अक्षर फार बारीक होतं, चष्मेवाले म्हणाले. म्हणाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. बायको हसली, तीन दिवसांत पहिल्यांदाच, आणि मग तिला हसू आवरेना. चष्म्याचा दुकानदार, बारीक अक्षर. ती पदर तोंडाशी धरून हसत राहिली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काही सगळं हसण्याचं नव्हतं. डॉक्टरांनी शहाणपणानं बराच वेळ कागद चाळले.

रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. पावडर बंद, मीठ कमी, कॉफी दिवसाला एक. तीन महिने हलकी वजनं, जास्त वेळा, श्वास न कोंडता. व्यायाम सोडायचा का, या प्रश्नाला डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाले. सोडायचा नाही, सुधारायचा. स्पर्धा? स्पर्धा यंदा नाही.

ती नऊ दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चष्मेवाले कोचला सांगायला गेले. इतकी वर्षं ज्या माणसांसमोर घाम गाळला त्यांच्यासमोर आपण आता गोळ्या खाणारे म्हातारे होणार, असं त्यांना वाटत होतं. कोच प्लेटा पुसत होती. त्यांनी सांगितलेलं सगळं तिनं पुसता पुसताच ऐकलं.

"तुमच्या बुटांना नाडी नाही," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं. खरंच नव्हती. दोन पट्टे होते, चिकटणारे. पाच वर्षांपूर्वी कोचनंच सुचवलेले बूट.

"त्या दिवशी घरी गेल्यावर मला आठवलं. म्हणून तुम्हाला एकशे विसाच्या वर जाऊ दिलं नाही. वाट बघत होते कधी सांगताय." तिनं प्लेट जागेवर ठेवली. "चूक माझीपण आहे. मी थेट विचारायला हवं होतं. पण पुन्हा माझ्याशी खोटं बोललात तर हे दार बंद. बार हातातून सुटला तर तो काही तुमच्याच पायावर पडेल असं नाही."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. एवढ्यात बेकरीवाला आला, त्याच्या काखेत तो डबा. कोचनं हात पुढे केला. त्यानं निमूटपणे डबा दिला. तो मोरीत रिकामा झाला आणि थोडा वेळ मोरी निळी दिसत राहिली. मग कोचनं चष्मेवाल्यांच्या हातात रिकामा बार दिला, वीस किलोचा, आणि सांगितलं: उचलताना श्वास सोडा, ठेवताना घ्या. मोठ्यानं सोडा, मला ऐकू आला पाहिजे. एकशे चाळीस किलोपर्यंत पोचलेल्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवावं तशी त्यांची गत झाली. पहिले दोन दिवस त्यांना शरम वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कुणी बघतच नाहीये. प्रत्येक जण आपापल्या बारकडे बघतोय.

स्पर्धेला ते गेले, पण प्रेक्षक म्हणून नाही. कोचनं त्यांना प्लेटा चढवायच्या कामाला लावलं. दिवसभर वीस-वीस किलोच्या प्लेटा सरकवून त्यांनी इतरांना उभं केलं. बेकरीवाल्यानं एकशे पंचेचाळीस उचलले आणि दीडशेला बार जमिनीवरून हललाच नाही. तो तिसरा आला. टॉवेल मिळाला. परत येताना रस्ताभर तो हळहळत होता, आणि चष्मेवाले त्याची समजूत काढत होते, आणि आपल्याला याचं मुळीच वाईट वाटत नाहीये याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

फडफड लगेच गेली नाही. पावडर सुटल्यावर कमी झाली, पण अधूनमधून यायची. फरक एवढाच की आता तिची ओळख झाली होती. ती आली की ते थांबत, दोन श्वास घेत आणि घरी गेल्यावर बायकोला सांगत. बायको तारीख टाकून लिहून ठेवी. तीन महिन्यांनी तिनं डॉक्टरांसमोर आलेख काढून ठेवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, असा पेशंट मला पहिल्यांदाच मिळाला. पेशंट नाही, पेशंटची बायको, तिनं दुरुस्ती केली. रक्तदाब एकशे बत्तीसवर आला होता. शंभर किलोपर्यंत जायला परवानगी मिळाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चष्मेवाल्यांना चौपन्न पूर्ण झाली. त्या सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन बसले आणि शेवटच्या पानापर्यंत वाचून उठले. मग दुकानात गेले. वकीलबाई चार महिने दुकानात पडून असलेला नवा चष्मा न्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीवरचं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं की आता तुम्हाला खात्री पटली ना.

कोचच्या डोक्यात मात्र तेव्हापासून एक गोष्ट घर करून बसली होती. चाळिशीच्या वरच्या कुणालाही रक्तदाब मोजल्याशिवाय बारला हात लावू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. मोजणार कोण, हा प्रश्न होता. चष्मेवाल्यांनी घरी सहज विषय काढला. आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं की ही जिम तळमजल्यावर आहे का.

तेव्हापासून दर शनिवारी पहाटे चाकांच्या खुर्चीत एक एकोणऐंशी वर्षांच्या बाई गोदामाच्या दारात बसतात. मांडीवर रक्तदाबाचं यंत्र, शेजारी स्टुलावर वही. बाह्या वर करा, बोलू नका, पाय एकावर एक टाकू नका. पन्नाशीची दणकट माणसं तिच्यासमोर रांगेत उभी राहतात आणि नंबर आला की आवाज न करता हात पुढे करतात. पहिल्याच शनिवारी तिनं दोघांना डॉक्टरकडे पिटाळलं. त्यातला एक बेकरीवाला होता. तो हुज्जत घालायला लागला तेव्हा तिनं शांतपणे विचारलं की तुमच्या बायकोचा फोन नंबर काय. तो डॉक्टरकडे गेला.

चष्मेवाले आत नव्वद किलोवर श्वास मोठ्यानं सोडत होते. आईनं दारातूनच ओरडून सांगितलं की पाठ वाकतेय.